अर्ज वाचताना

आज सदाशिव पेठेतल्या घरी आमच्या कौटुंबिक न्यासाची बैठक झाली आणि आलेले अर्ज वाचण्यात सारा दिवस गेला. प्राप्तिकराची सवलत टिकवण्यासाठी न्यासाला साधारणपणे उत्पन्नाचा किमान ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च करावा लागतो, त्यामुळे द्यायचे की नाही हा प्रश्न नसतोच. कोणाला द्यायचे, हा असतो.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांना घरपोच डबे देण्याचा अर्ज लगेच मंजूर झाला. अडलो ते वस्तीतल्या मुलांच्या गायनवर्गापाशी. आधी जेवण आणि औषधे, मग गाणे, असे काकांचे म्हणणे. मला ते पटले नाही. ज्या शहरात भास्करबुवा बखले यांनी १९११ साली भारत गायन समाजाची स्थापना केली, तिथे गाणे शिकण्याची संधी फी भरू शकणाऱ्यांपुरतीच उरावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. शिवाय शिक्षिकेने वाद्यांसाठी नव्हे, तर तबल्याच्या साथीदाराच्या मानधनासाठी मदत मागितली आहे, आणि वर्ग वर्षभर चालतो तो अशाच खर्चावर.

शेवटी आत्याने वर्ग प्रत्यक्ष पाहून ठरवू असे सुचवले. गुरुवारी संध्याकाळी आम्ही तिघे जाणार आहोत. मानधन एका वर्षाऐवजी तीन वर्षांचे द्यावे, हा आग्रह मी तिथेच मांडणार आहे.