बत्त्याची घनता

स्वयंपाकघरात डिजिटल वजनकाटा आला आणि माझा स्वभाव संशयी झाला. पहिल्याच आठवड्यात तेलाची एक लिटरची पिशवी काट्यावर ठेवली. ९१५ ग्रॅम! ८५ ग्रॅम तेल कुणी खाल्लं? पिशवी घेऊन तडक जांभळी नाका गाठला. दुकानदाराने शांतपणे पिशवी उलटी केली आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. १ लिटर, ९१० ग्रॅम. वरचे पाच पिशवीचे. "काका, तेल पाण्यावर तरंगतं ना?" एवढंच म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाची साखर जोखायला लागला. तलावपाळीवरून नौपाड्यात घरी येईपर्यंत मी पिशवी पाठीमागे धरली होती.

ही गोष्ट घरी सांगायला नको होती. लेक नववीत, नेमका घनतेचाच धडा चाललेला. "बाबा, वस्तुमान भागिले आकारमान," असं तिने मला, विज्ञान शाखेच्या पदवीधराला, सुनावलं. मग काहीतरी मोजून बघायचंच, म्हणून आजीचा खलबत्ता निघाला. घरात जुना वाद आहे: माझी आई म्हणते पंचधातूचा, मी म्हणतो पितळेचा.

बत्ता काट्यावर ठेवला: ६२० ग्रॅम. आता आकारमान. एका टोकाला फुगीर, मधे बारीक, वर गोंडा. कुठल्या सूत्रात बसवणार? तेव्हा पाण्याने भरलेला गंज काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला आणि नाडीला बांधलेला बत्ता पाण्यात पूर्ण बुडवून तसाच लोंबकळत धरला. बुडाला टेकवायचा नाही, कडेला लावायचा नाही. पाणी बत्त्याला वर ढकलतं, तेवढाच भार काट्यावर येतो, आणि तो भार म्हणजे बत्त्याने सारलेल्या पाण्याचं वजन. काटा ७३ वर थांबला. ७३ ग्रॅम पाणी म्हणजे ७३ घनसेंटिमीटर. माझा हात भरून आला होता, पण लेक म्हणाली, "हलू नका, पुन्हा वाचते."

ग्रॅम आणि घनसेंटिमीटर असे हातात हात घालून चालतात, हा काही योगायोग नव्हे. १७९५ साली फ्रान्समध्ये ग्रॅम ठरवला तोच एक घनसेंटिमीटर पाण्यावरून, तेही वितळत्या बर्फाइतक्या थंड. ठाण्याच्या नळाला तसलं पाणी कधी यायचं! आपलं तिसेक अंशांचं पाणी हजारात चारेक भाग हलकं असतं. बत्त्यासाठी तेवढं चालतं. २० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका कधी न बदलणाऱ्या राशीवर, बसवला आहे. आमच्या स्वयंपाकघरात मात्र अजून पाण्याचंच राज्य.

६२० भागिले ७३, ८.४९. लेकीने आकडा लिहून खाली दुहेरी रेघ मारली. एककच नाही! मी मास्तरकीची संधी सोडली नाही. आठ पूर्णांक काय, आंबे? मग तिने 'ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर' लिहिलं आणि हजाराने गुणून ८४९० किलोग्रॅम प्रति घनमीटरही करून दाखवलं. गच्चीवरची हजार लिटरची टाकी आठवा: पाण्याने भरली तर एक टन, बत्त्याच्या धातूने भरली तर साडेआठ टन. सोसायटीच्या सभेत हा विषय काढू नये.

पितळेची घनता साडेआठच्या आसपास असते, म्हणून मी विजयी मुद्रेने आईकडे पाहिलं. पण काटा एका ग्रॅमने चुकला तरी उत्तर ८.३८ ते ८.६१ मधे कुठेही असू शकतं, हे लेकीनेच लक्षात आणून दिलं. शिवाय पाच धातूंचं प्रमाण कुठे ठरलेलं असतं?

"पंचधातूच," आई म्हणाली. बत्ता पुसला, खलात चार वेलदोडे टाकले, आणि अंदाजाने साखर.