सायकॉलॉजीच्या बीएसाठी कर्ज काढावं का?

बँकेतून निवृत्त झाले तरी बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर मी नोकरीतली बरीच वर्षं काढली आणि माझी भाची सायकॉलॉजी शिकली, या दोन्ही गोष्टी नात्यात, सोसायटीत आणि भिशीत सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यामुळे प्रश्न ठरलेला असतो. "काकू, लेकीला सायकॉलॉजीच करायचंय. अमक्या खासगी युनिव्हर्सिटीत मिळतंय. आठ-दहा लाखांचं कर्ज काढलं तर फिटेल का हो?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: बीएसाठी काढू नका. सायकॉलॉजीसाठी कर्जच नको, असं मात्र मी म्हणत नाही. खरी पैशाची गरज पुढे, एमएच्या आणि त्यानंतरच्या ट्रेनिंगच्या वेळी पडणार आहे. तेव्हा कर्ज मिळेल आणि झेपेल एवढी ऐपत शिल्लक ठेवा.

आधी हिशेब करू. तीन वर्षांची फी आणि हॉस्टेल मिळून 10 लाख धरा. बँक ते एकदम देत नाही, दर वर्षी तिसरा हिस्सा कॉलेजकडे जातो. व्याज 10 टक्के धरू. अभ्यासक्रमाची तीन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो. लोकांना वाटतं, हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही. पण व्याज पहिला चेक गेला त्या दिवसापासून लागतं. या काळात ते सरळव्याज असतं, तरी साधारण 3 लाख साठतात. म्हणजे हप्ता सुरू होतो तो 13 लाखांवर. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला 17 हजारांच्या वर, पंधरा वर्षांत फेडायचं तर 14 हजारांच्या आसपास.

आता दुसरी बाजू. नुसतं बीए सायकॉलॉजी झालेली मुलं माझ्यासमोर बसायची तेव्हा त्यांच्या सॅलरी स्लिपवर 15 ते 22 हजार दिसायचे. पुण्या-मुंबईत एखाद्याला 25. कामं कोणती? एचआरमध्ये रिक्रूटर, म्हणजे दिवसभर उमेदवारांना फोन. शाळेत शॅडो टीचर, म्हणजे ऑटिझम किंवा एडीएचडी असलेल्या एका मुलाशेजारी वर्गात बसून त्याला सांभाळून घ्यायचं. एखाद्या संस्थेच्या प्रकल्पात फील्डवर्क, नाहीतर कस्टमर सपोर्ट. वाईट काम यातलं एकही नाही. शॅडो टीचरचं तर फार कस पाहणारं आहे. पण 18 हजारांतून 14 हजारांचा हप्ता गेला की त्या मुलीने शहरात राहायचं कशावर? मग हप्ता बाबा भरतात. सहकर्जदार म्हणून त्यांची सही असतेच, आणि बाबा निवृत्तीला आलेले असतात.

इथे कोणीतरी माहितीपत्रक पुढे करतं. एका आईने आणलेलं मला अजून आठवतं. गुळगुळीत कागद, मधल्या पानावर मोठ्या आकड्यात 'सरासरी पॅकेज', आणि शेजारी हसऱ्या मुलांचे फोटो. मी त्यांना खालची बारीक ओळ वाचायला लावली. ती सरासरी सगळ्या युनिव्हर्सिटीची होती, इंजिनिअरिंग आणि एमबीए धरून. म्हटलं, "फक्त बीए सायकॉलॉजीच्या मागच्या बॅचचं विचारा. किती जण नोकरीला लागले, किती पुढे शिकायला गेले, लागले त्यांना हातात काय मिळतं." त्यांनी तिथूनच फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, आमची बहुतेक मुलं हायर स्टडीजला जातात." हे उत्तर खरंच असतं, आणि आपला मुद्दाही नेमका तोच आहे.

कारण बीए झाली म्हणजे मुलगी सायकॉलॉजिस्ट झाली असं होत नाही. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणून, म्हणजे मानसिक आजार तपासून थेरपी देणारी म्हणून, काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी लागते. त्यामागे 1992चा कायदा आहे. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यातली व्याख्याही आरसीआयमान्य शिक्षणावरच बेतलेली आहे: एमए आणि वर हॉस्पिटलमधल्या देखरेखीखालच्या ट्रेनिंगसह दोन वर्षांचं एमफिल, किंवा आरसीआयने मान्य केलेला दुसरा अभ्यासक्रम. थोडक्यात, तीन वर्षांचा म्हणून विकला जाणारा कोर्स खरं तर सात वर्षांचा आहे, आणि कमाईची पायरी त्याच्या शेवटी येते.

त्या शेवटच्या पायरीवर गर्दी आहे. बंगळुरूचं निमहान्स, रांचीचं केंद्रीय मनश्चिकित्सा संस्थान अशा सरकारी ठिकाणी जागा मोजक्या आणि अर्ज भारंभार. तिथे नंबर नाही लागला तर खासगी संस्था, आणि तिथली फी लाखांत. शिवाय नियम हलत राहतात. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2022मध्ये एमफिल बंद करायचं ठरवलं, मग क्लिनिकल सायकॉलॉजीसाठी 2025-26च्या प्रवेशांपर्यंत मुदत वाढवली. म्हणून पुढच्या प्रवेशाच्या वेळी कॉलेजचा आणि त्या कोर्सचा उल्लेख त्या वर्षीच्या आरसीआयच्या यादीत आहे का, हे स्वतः बघा. कॉलेजच्या काउंटरवरच्या माणसाच्या शब्दावर जाऊ नका.

दुसरा बदल मध्यमवर्गाला जास्त लागला. तोवर कितीतरी जणी नोकरी करता करता इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून थोडक्या पैशांत एमए सायकॉलॉजी करायच्या. 2025च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून यूजीसीने सायकॉलॉजीचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले. दर्जाच्या दृष्टीने निर्णय पटतो, पण स्वस्त वाट बंद झाली. आता एमए म्हणजे नियमित कॉलेज, आणि त्या दोन वर्षांत पूर्णवेळ पगार नाही.

"पण काकू, हल्ली डिप्रेशन किती वाढलंय! मागणी तर आहे ना?" हेही दर वर्षी ऐकते. गरज आहे, प्रचंड आहे. निमहान्सने 2015-16मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचं आढळलं, आणि आजारागणिक 70 ते 92 टक्के रुग्णांना उपचारच मिळत नव्हते. पण गरज असणं आणि पैसे मोजणारं कोणी असणं यात फरक आहे. मानसिक आजारालाही विमा द्या, असं 2017चा कायदा सांगतो, पण बहुतेक पॉलिसी अ‍ॅडमिट झाल्याशिवाय पैसे देत नाहीत, आणि काउन्सेलिंग तर सगळं ओपीडीत होतं. म्हणजे प्रत्येक सेशनची फी समोरच्याच्या खिशातून येणार. तो तीनदा येतो, बरं वाटलं की थांबतो. नव्या काउन्सेलरचा जम बसायला म्हणूनच वर्षं लागतात. हप्ता तोवर थांबत नाही.

मग करायचं काय? पुण्यात, मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात अनुदानित कॉलेजं आहेत. तिथल्या अनुदानित तुकडीत बीएची वर्षाची फी काही हजारांत भागते. त्याच कॉलेजात विनाअनुदानित तुकडी वेगळी असते आणि तिची फीही वेगळी, हे प्रवेशाआधीच विचारून घ्या. इमारत जुनी असेल, एसी नसेल. पण स्टॅटिस्टिक्सचा पेपर तोच आणि प्रॅक्टिकलच्या चाचण्याही त्याच. भाचीने हेच केलं. बीए अनुदानित कॉलेजात झालं, सुट्ट्यांत विशेष मुलांच्या शाळेत काम केलं, आणि बहिणीने बीएचे वाचलेले पैसे एफडीत टाकले. ते एमएला उपयोगी पडले. कर्ज तिने काढलं ते एमफिलसाठी, 4 लाखांच्या आत. एवढ्या रकमेला तारण किंवा तिऱ्हाईत जामीनदार लागत नाही. आज ती एका हॉस्पिटलात आहे. पगार तिच्या इंजिनिअर भावापेक्षा कमी आहे, आणि हप्ता गेल्यावरही महिना नीट निघतो.

परदेशातल्या एक वर्षाच्या मास्टर्सबद्दलही विचारतात. इंग्लंडमध्ये तेवढ्यावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही, तिथेही पुढे डॉक्टरेट आणि एचसीपीसीची, म्हणजे तिथल्या नियामक संस्थेची, नोंदणी लागते. संशोधन करायचं असेल तर गोष्ट वेगळी. बाकी त्यासाठी घर तारण ठेवू नका.

आणि ज्यांनी कर्ज आधीच काढलंय, त्यांनी घाबरून जायचं कारण नाही. शिकत असतानाच महिन्याचं व्याज भरत राहिलात तर मूळ रक्कम फुगत नाही, आणि अनेक बँका त्याबद्दल व्याजात एक टक्का सवलत देतात. तुमच्या सँक्शन लेटरमध्ये ती अट आहे का बघा. बीएनंतर लगेच एमएला प्रवेश घेत असाल तर हप्ता सुरू व्हायच्या आधीच प्रवेशाचा कागद घेऊन शाखेत जा आणि मुदतवाढीचा अर्ज लेखी द्या. पोच घ्या. तोंडी सांगितलेलं बदली होऊन आलेल्या नव्या साहेबाला माहीत नसतं.