तुम्ही विचारलंत म्हणून: बीबीनं केलं काय?

'फॉरबिडन प्लॅनेट' हा १९५६चा हॉलिवूडचा सिनेमा. संपूर्ण पार्श्वसंगीत इलेक्ट्रॉनिक असलेला हा पहिला चित्रपट मानतात. ते केलं लुई आणि बीबी बॅरन या जोडप्यानं, विजेच्या सर्किटांमधून आवाज काढून. त्यातले तुकडे मी जिथे ऐकवते, तिथे शेवटी एक हात वर येतोच. "सर्किटं लुई बॅरननं बनवली ना? मग त्याच्या बायकोनं, बीबीनं, नक्की केलं काय?" विचारणारा बहुतेक वेळा इंजिनिअर असतो.

मी रेडिओत तेवीस वर्षं टेप कापली. स्पूल हातानं मागेपुढे फिरवायचं, शब्द सुरू होतो ती जागा कानानं धरायची, पेन्सिलीची खूण, तिरकं ब्लेड, चिकटपट्टी. टेप सेकंदाला पंधरा इंच धावत असेल, तरी बोटभर चूक झाली की 'कमल'चं 'मल' होतं. त्यामुळे बॅरनांचं काम ऐकताना मला सर्किटाआधी टेपचा ढीग दिसतो.

ढीगच होता त्यांच्याकडे. १९४७ मध्ये लग्न झालं आणि आहेरात टेप रेकॉर्डर आला. (आमच्या आहेरात चार लेमन सेट आले.) न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये त्यांनी स्टुडिओ थाटला. गणितज्ञ नॉर्बर्ट वीनरचं सायबरनेटिक्सवरचं, म्हणजे प्राणी आणि यंत्रं स्वतःला कशी सावरतात त्या शास्त्रावरचं, पुस्तक वाचून लुई जुन्या रेडिओत असत तसल्या व्हॉल्व्हची अशी सर्किटं जुळवायचा, की ती जिवंत प्राण्यासारखी वागावीत. जास्त ताण दिला की ती किंचाळायची, कण्हायची आणि जळून जायची. जळलं की संपलं, तो आवाज पुन्हा मिळत नसे. म्हणून टेप सतत चालू. मग ते तासन्‌तासांचं रेकॉर्डिंग ऐकायला बसायची बीबी. या सगळ्या खरखरीत संगीत कुठे दडलंय, ते ती शोधायची. सापडलेला तुकडा मग संथ करायचा, उलटा फिरवायचा, त्याचा लूप करायचा, त्याला प्रतिध्वनी द्यायचा.

निवडणं हे काम तांदळाच्या ताटापासून बायकांकडेच असतं, आणि ते काम म्हणून कुणी मोजत नाही. इंजिनिअरांना मी एवढंच म्हणते, तेही हसत.

अमेरिकन संगीतकार जॉन केजच्या 'विल्यम्स मिक्स' या टेपचे तुकडे जोडून केलेल्या रचनेसाठी आवाज जमवायलाही हे दोघं होते. जेमतेम चार मिनिटांची ती रचना, पण तिचा आराखडा १९२ पानांचा. शिंप्याच्या कागदी कटिंगसारखा: टेप वर ठेवायची आणि आकाराप्रमाणे कापायची. तिथे कारागीर कोण आणि कलावंत कोण, हे ठरवायला मला तरी जमणार नाही.

'फॉरबिडन प्लॅनेट'च्या श्रेयनामावलीत 'संगीत' हा शब्दच नाही. वादकांच्या युनियनचा वाद नको म्हणून 'इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज' असं लिहिलं, खाली दोघांची नावं. म्हणजे तुमचा प्रश्न मिटला नाहीच, उलट दोघांचंही संगीतकारपण गेलं.

१९७० मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. काम मात्र १९८९ मध्ये लुई जाईपर्यंत एकत्रच चालू होतं. संसार मोडल्यावर एकमेकांच्या कानावरचा भरवसा शिल्लक कसा राहिला, हे खरं तर विचारायला हवं. ते कुणी विचारत नाही.

२००० मध्ये, पंचाहत्तरीच्या घरात, बीबीनं कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या विद्यापीठात संगणकावर 'मिक्स्ड इमोशन्स' ही रचना केली. लुईला जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. हल्ली हात वर आला की मी आधी ती लावते.