खड्ड्यागणिक मोड बदलणारी टॉर्च

मागच्या नोंदीत मी मोठ्या दिमाखात लिहिले होते की प्रवासी टॉर्चची निवड संपली असून आता फक्त कमरेचे पाकीट शिवून घ्यायचे राहिले आहे. ते विधान मागे घेतो. गेल्या महिन्यात मोटारसायकलवरून किनवटहून माहूरकडे जाताना, सारखणी मागे पडल्यावर, हेडलाइटच्या एच-४ बल्बची आधी लो आणि काही मिनिटांतच हाय फिलामेंट गेली, आणि हँडलच्या क्लॅम्पमध्ये बसवलेल्या त्याच टॉर्चच्या भरवशावर जंगलातला उरलेला रस्ता कापण्याची वेळ आली. पहिल्या खड्ड्यात ती मध्यमवरून मंदवर गेली, दुसऱ्यात एकदम पूर्ण तेजावर, आणि ऐन उतारावरच्या वळणात तिने स्ट्रोब, म्हणजे वेगाने लुकलुकणारा प्रकाश, सुरू केला. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने कडेला थांबून “पोलिसाची गाडी हाय का काय?” असे विचारले, यावरून माझी अवस्था लक्षात यावी.

परत आल्यावर पहिला संशय शेपटीच्या बटणावर गेला. नवा स्विच मागवून बसवला, फरक शून्य. मग आटे स्पिरिटने पुसून सिलिकॉन ग्रीस लावले, सेलचे व्होल्टेज मोजले (४.०५, म्हणजे निर्दोष), ओ-रिंगही बदलली. हातात धरून कितीही हलवली तरी टॉर्च शांतपणे जळत राही आणि गाडीवर चढवली की तिच्या अंगात येई. या प्रकारात तीन रविवार गेले.

शेवटी गाडी मेन स्टँडवर लावून टॉर्च क्लॅम्पमध्ये पेटती ठेवली आणि मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींच्या वेगाने चित्रण केले. इंजिन आयडलिंगला असताना काहीच दिसले नाही. ३,५०० आरपीएमच्या आसपास मात्र, डोळ्यांना स्थिर भासणारा प्रकाश चित्रणात अधूनमधून एखाद्या चौकटीपुरता पूर्ण विझत होता. त्या क्षणी झालेला आनंद आपल्यापैकी ज्यांनी असा दोष शोधला आहे त्यांनाच कळेल. दोष सुटला नव्हता, पण निदान तो दिसला होता.

सेल बाहेर काढून भिंगाखाली पाहिला तेव्हा उरलेला उलगडा झाला. त्याच्या धन टोकावर घासून चकचकीत झालेले एक वर्तुळ होते. या टॉर्चमध्ये स्प्रिंग फक्त शेपटीकडे आहे आणि ड्रायव्हरच्या, म्हणजे दिव्याला वीज देऊन मोड बदलणाऱ्या सर्किटच्या, बाजूला नुसती पितळी चकती आहे. नळीची लांबी संरक्षक सर्किट असलेल्या, सुमारे ६९ मि.मी. लांब सेलसाठी ठेवलेली आहे. मी वापरत होतो तो साधा सपाट डोक्याचा १८६५०, म्हणजे १८ मि.मी. व्यास आणि ६५ मि.मी. लांबी. चार मिलिमीटरची ही तूट स्प्रिंग भरून काढते, पण त्यामुळे ती पुरेशी दाबली जात नाही. जवळपास ४७ ग्रॅमचा सेल धक्क्यासरशी मागे सरकतो, चकतीपासून सुटतो आणि लगेच परत टेकतो. आपल्या या जातीच्या ड्रायव्हरला बटण अर्धे दाबल्याची खूण म्हणजे तरी काय, तर क्षणभर खंडित झालेला वीजपुरवठा! म्हणजे ड्रायव्हर बिचारा चोख काम करत होता; प्रत्येक खड्डा त्याच्या लेखी माझ्या अंगठ्याचा दाब होता.

एकाने सुचवल्याप्रमाणे मध्ये छोटे गोल चुंबक ठेवण्याचा मोह मला झाला होता. तो उपाय कृपया कोणी करू नये, कारण सरकलेले चुंबक धन टोक आणि सेलची ऋण कड यांना जोडू शकते, आणि लिथियम सेलचे शॉर्ट सर्किट बंद नळीत होणे म्हणजे मांडीजवळ सुतळी बॉम्ब ठेवण्यासारखे आहे. त्याऐवजी बसस्थानकामागे टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी टॉर्च उघडली, सेल दोनदा आत टाकून कानाजवळ खुळखुळवला आणि म्हणाले, “सर, बॅटरीला काही झालं नाही. सेलला घर मोठं झालंय.” माझे तीन रविवार आणि त्यांचे दहा सेकंद! पितळी चकतीवर त्यांनी दुसरी स्प्रिंग डाखली आणि तिच्या पोटातून तांब्याची बारीक जाळीदार तार टाकली, जेणेकरून प्रवाह स्प्रिंगच्या पोलादातून न जाता तांब्यातून जावा. सेल बाजूलाही डुगडुगत होता, म्हणून जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी कापून त्याच्याभोवती गुंडाळली.

पुन्हा तीच चाचणी केली. १,५०० पासून ५,००० आरपीएमपर्यंत एकही काळी चौकट नाही. मग मुद्दाम अंबाजोगाई परिसरातल्या उखडलेल्या रस्त्यावर रात्री वीस किलोमीटर फिरलो. मोड एकदाही बदलला नाही. आता या टॉर्चमध्ये लांब, संरक्षित सेल घालता येणार नाही, कारण दोन स्प्रिंगांमध्ये तो चेपला जाईल. ही किंमत मला मान्य आहे.

सेलचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. एका ऑनलाइन विक्रेत्याने ९,९०० एमएएच (सेलची विद्युतक्षमता) छापलेला १८६५० पाठवला होता. या आकारात आज साडेतीन-चार हजारांच्या आसपास मर्यादा येते, हे आपल्याला ठाऊक आहेच. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तो ३१ ग्रॅम भरला, तेव्हा पैसे परत मागितले. ल्युमेनच्या, म्हणजे प्रकाश मोजण्याच्या, आकड्यांचेही तेच. १,२०० ल्युमेन लिहिलेली एवढीशी टॉर्च तापून थोड्या वेळात निम्म्याहून खाली उतरते, आणि रस्त्याच्या कडेला चेन किंवा फ्यूज पाहायला ३०० पुरतात. त्यापेक्षा निचिया ५१९ए या एलईडीचा ९०च्या पुढचा सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक) मला मोलाचा वाटतो, कारण निळसर थंड प्रकाशात वायरिंगमधली तपकिरी आणि लाल तार मी एकदा सरळ उलटी जोडली आहे.

हे लिहिता लिहिता मूळ योजनाच डळमळू लागली आहे. टॉर्च हँडलवर का असावी? सिंगल सिलिंडरची सगळी थरथर तिथेच येते, आणि मे महिन्यात उभ्या गाडीवर ऊन खाऊन धातू इतका तापतो की सेलला ते मानवणारे नाही. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये म्हणतात, आणि आमच्याकडे नुसती हवाच ४२-४३ला जाते. तेव्हा काटकोनी डोक्याची, खिशाच्या क्लिपची टॉर्च जॅकेटच्या छातीवर लावावी, असे आता वाटते. हात मोकळे राहतात आणि शरीर धक्के शोषून घेते. अशा टॉर्चच्या शेपटीला असलेले चुंबक मात्र फारसे कामाचे नाही, कारण इंजिनचे आवरण ॲल्युमिनियमचे असल्याने ते चिकटत नाही आणि पेट्रोलच्या टाकीला चिकटवले तर रंग जातो. शिवाय ती पेन्सिल सेलवरही चालणारी असावी, म्हणजे १८६५० संपला तर भोकर-हिमायतनगरच्या वाटेवर कुठल्याही टपरीवरून दोन सेल घेऊन पुढे जाता येईल. अशा टॉर्चमध्येही स्प्रिंग दोन्ही बाजूंना आहे का, हे आता मी विक्रेत्याला पहिला प्रश्न म्हणून विचारतो. दोघांनी अजून उत्तर दिलेले नाही.

दरम्यान जुनी टॉर्च सायकलच्या ट्यूबचे दोन पट्टे गुंडाळून टूलबॉक्समध्ये गेली आहे. एक्स-रेची पट्टी सेल काढताना आत अडकून बसते, म्हणून तिच्या टोकाला गोधडीच्या दोऱ्याचे शेपूट बांधले आहे. ओढले की सेल आणि पट्टी दोन्ही बाहेर येतात.