चढावर घसरणारा ४७आरई: जड ट्रेलरसाठी गिअरबॉक्स बांधताना

गाडी २००१ सालची डॉज रॅम २५००, इंजिन ५.९ लिटर कमिन्स डिझेल, गिअरबॉक्स चार गिअरचा ऑटोमॅटिक ४७आरई, आणि मागे साधारण १०,००० पौंडांचा, म्हणजे साडेचार टनांचा ट्रेलर. डेन्व्हरहून आय-७० ने पश्चिमेला निघालं की आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत सहा-सात टक्क्यांचे चढ आहेत आणि बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. हवा विरळ, वेग कमी, भार पूर्ण. त्या वर्षी या इंजिनाचा ५०५ पौंड-फूट टॉर्कचा प्रकार फक्त सहा गिअरच्या मॅन्युअलबरोबर मिळायचा. ऑटोमॅटिकला ४६० च होते. मी इंजिनाची ताकद वाढवली होती, त्यामुळे गिअरबॉक्सवर ठरल्यापेक्षा जास्त भार माझ्यामुळेच आला होता.

पहिली खूण टॅकोमीटरवर दिसली. ॲक्सलचा रेशो ३.५४ असल्यामुळे ओव्हरड्राइव्हमध्ये (चौथ्या, सगळ्यात वरच्या गिअरला), कन्व्हर्टर लॉक असताना, ताशी ६५ मैलांना काटा १८०० आरपीएमच्या आसपास असतो. कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग. त्यातला लॉकअप क्लच लागला की दोन्ही सरळ जोडले जातात आणि घसरण थांबते. चढाला पाय दाबला की वेग तोच राहायचा आणि काटा २१०० कडे सरकायचा. याचा अर्थ लॉकअप क्लच घसरतोय. खात्री करायची असेल तर सपाट रस्त्यावर, स्थिर वेगात, ॲक्सिलरेटर न सोडता डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा. लॉकअप सुटतो आणि काटा दोन-तीनशेने वर उडतो. उडाला नाही, तर लॉकअप मुळात लागलेलाच नव्हता. लॉकअप सारखा लागत-सुटत असेल तर मात्र गिअरबॉक्सला हात लावू नका. आधी आल्टरनेटर आणि बॅटरीचं अर्थिंग तपासा. आल्टरनेटरचा डायोड गेला की विजेतली खरखर थ्रॉटलच्या सिग्नलमध्ये शिरते आणि कॉम्प्युटर गोंधळतो. बॅटरीवर एसी व्होल्टेज मोजलं आणि ०.१ च्या वर आलं, तर संशय तिथेच घ्यायचा.

तापमानाचे दोन सेन्सर लावले: एक पॅनमध्ये (गिअरबॉक्सच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्यात), दुसरा कूलरकडे जाणाऱ्या गरम लाइनवर. ४७आरईवर पुढचं फिटिंग बाहेर जाणाऱ्या तेलाचं आणि मागचं परत येणाऱ्या तेलाचं असतं. पॅनचा काटा फार उशिरा हलतो. चढावर लॉकअप सुटला तेव्हा पॅन १८० अंश फॅरनहाइट दाखवत होता आणि गरम लाइन २६० वर पोचली होती, म्हणजे १२७ सेल्सिअस. क्लच जाळते ती हीच उष्णता, आणि ती येते घसरण्यातून. म्हणून कन्व्हर्टर, तेलाचा दाब आणि कूलिंग ही तिन्ही कामं एकत्रच करावी लागतात. नुसता भक्कम कन्व्हर्टर बसवला तर घसरण पुढच्या कमजोर क्लचवर जाते. नुसता दाब वाढवला तर मूळ कन्व्हर्टरचं पातळ झाकण फुगतं आणि लॉकअपची प्लेट कडेनेच टेकते.

पॅन उतरवला. मूळ पॅनला ड्रेन प्लग नसतो, त्यामुळे मागच्या बाजूचे बोल्ट आधी सैल करून तेल हळूहळू सोडावं लागतं. चुंबकावर राखाडी लोणी असेल तर ती नेहमीची झीज. माझ्या चुंबकावर काळी पूड होती, बोटांत चोळली की शाईसारखी पसरणारी, आणि तेलाला करपलेल्या फोडणीसारखा वास होता. पितळी कण दिसले असते तर थ्रस्ट वॉशरही गेले असं धरावं लागलं असतं.

गिअरबॉक्स उतरवताना आधी ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) वेगळी काढा. दोन्ही एकत्र जॅकवर तोलणं धोक्याचं आहे. त्यानंतरचं नाजूक काम ओव्हरड्राइव्ह युनिटचं. त्यातली डायरेक्ट क्लचची स्प्रिंग सुमारे ८३० पौंडांच्या जोराने दाबलेली असते. योग्य फिक्स्चर आणि प्रेस नसेल तर ती उघडूच नका, हे काम जाणकाराकडे द्या. युनिट मुख्य केसपासून सुटं करताच त्यात अलाइनमेंट शाफ्ट सरकवून ठेवायचा. आतले स्प्लाइन एकदा फिरले की इंटरमीजिएट शाफ्ट आत जात नाही आणि सगळं युनिट पुन्हा खोलावं लागतं.

बदललेले भाग असे: मजबूत पोलादाचा इनपुट शाफ्ट, बिलेट (अखंड धातूतून कोरलेली) फ्लेक्सप्लेट, म्हणजे इंजिन आणि कन्व्हर्टर जोडणारी चकती, पुढच्या बँडचा (ड्रमला आवळून धरणाऱ्या पट्ट्याचा) बिलेट स्ट्रट, क्लचच्या सगळ्या फ्रिक्शन आणि स्टील प्लेट, आणि बिलेट झाकणाचा तीन डिस्कचा लो-स्टॉल कन्व्हर्टर. ओढणाऱ्या गाडीला स्टॉल, म्हणजे कन्व्हर्टर पकड घेईपर्यंत इंजिन जितकं चढतं तो आरपीएम, कमीच हवा. डिझेलची ताकद खालच्या आरपीएमलाच असते, तिथे कन्व्हर्टर जितका कमी घसरेल तितकं तेल थंड. जोडताना मागच्या क्लचची फट ०.०२५ ते ०.०४५ इंच आणि इनपुट शाफ्टचा एंड प्ले (पुढे-मागे सरकण्याची मोकळीक) ०.०३४ ते ०.०८४ इंच यांच्यात बसवला. व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा दाब क्लच आणि बँडकडे वळवणारा भाग) चढवण्यापूर्वी प्रत्येक क्लचच्या छिद्रात ३० पीएसआय हवा द्यायची. सील नीट असेल तर ‘धप्प’ असा एकच बुजका आवाज येतो. नुसती फुसफुस ऐकू आली तर सील दुमडलंय, आणि ते आत्ताच काढायचं.

व्हॉल्व्ह बॉडीत लाइन प्रेशर (क्लच आणि बँड दाबणाऱ्या तेलाचा दाब) वाढवलं. मूळ गिअरबॉक्सच्या चाचणीत, पहिल्या गिअरला १००० आरपीएमवर, थ्रॉटलचा लिव्हर पुढे असताना ५४ ते ६० पीएसआय आणि मागे ओढत नेला की ९० ते ९६ यायला हवेत. माझ्या बॉक्सला पूर्ण थ्रॉटलवर १४० ते १५० येतील असं ठेवलं. त्याहून जास्त दाबाचा हव्यास नको. सीलिंग रिंगा आणि सर्वो (बँड आवळणारे पिस्टन) त्याची किंमत मोजतात. गाडीच्या वेगाप्रमाणे गिअर बदलण्याचा दाब ठरवणारे गव्हर्नर सोलेनॉइड आणि प्रेशर सेन्सर नवेच घातले. केसला धरणारे व्हॉल्व्ह बॉडीचे बोल्ट फक्त १०५ इंच-पौंडांनी आवळायचे. हाताच्या अंदाजाने जास्त आवळले की बॉडी किंचित वाकते, व्हॉल्व्ह अडकतो आणि मग गिअर का पडत नाही हे शोधत बसावं लागतं.

बँड ॲडजस्ट करताना दोन्ही स्क्रू ७२ इंच-पौंडांपर्यंत आवळून पुढचा १ पूर्णांक ७/८ फेरे आणि मागचा ३ फेरे सैल केला. हे आकडे ४७आरईचे आहेत, ४८आरई या पुढच्या मॉडेलला पुढचा पावणेदोन फेरे. सर्वोचा लिव्हर बदलला असेल तर तो देणाऱ्याचा आकडाच पाळा.

कन्व्हर्टर बसवताना घाई करणाऱ्याचा पंप हमखास फुटतो. आत एक क्वार्ट (जवळपास एक लिटर) तेल ओतून कन्व्हर्टर फिरवत आत ढकलायचा. स्टेटर, टर्बाइन आणि पंप असे तीन टप्प्यांनी तो खाली बसतो. बेल हाउसिंगच्या (इंजिनाला जोडल्या जाणाऱ्या पुढच्या कवचाच्या) तोंडावर पट्टी आडवी धरून कन्व्हर्टरचे पॅड किमान अर्धा इंच आत आहेत हे मोजा. हाउसिंग इंजिनाला टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत थोडी फट उरली पाहिजे. हाउसिंग बोल्टांनी ओढून जवळ आणावं लागत असेल, तर थांबा: तिसरा टप्पा राहिलाय.

जुना कूलर ठेवला नाही, कारण त्यातला क्लचचा चुरा कितीही फ्लश केला तरी पूर्ण निघत नाही. कूलर लाइनमध्ये एक ड्रेनबॅक व्हॉल्व्ह असतो. तो चुऱ्याने तुंबतो आणि नवा कन्व्हर्टर कोरडा चालतो. तो बदललाच. नंतर परतीची लाइन बादलीत सोडून, न्यूट्रलला, आयडलवर प्रवाह मोजला. २० सेकंदांत एक क्वार्ट यायला हवं. १६ सेकंदांत आलं.

तेल एटीएफ प्लस ४ च. कोरड्या बॉक्सला १५ ते १७ क्वार्ट लागतात, खोल पॅनला आणखी. पातळी तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून, न्यूट्रलमध्ये बघायची. मूळ व्हॉल्व्ह बॉडीत पार्कला कन्व्हर्टरकडे तेल जात नाही, म्हणून पार्कमधली पातळी फसवते. ट्रेलर ओढून थांबल्यावर तेल थंड करायचं असेल तरीही न्यूट्रल आणि हँडब्रेक.

शेवटी थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल, पेडल जितकं दाबू तितका गिअरबॉक्समधला तेलाचा दाब वाढवणारी. पेडलबरोबर गिअरबॉक्सवरचा लिव्हर त्याच क्षणी हलायला हवा. केबल ढिली असेल तर गिअर लवकर आणि मऊ पडतात, चालवायला छान वाटतं, आणि कमी दाबाखाली नवे क्लच काही दिवसांत जळतात. एवढी मेहनत या एका केबलपायी वाया जाते.

एवढं करून गाडीच्या दारावरच्या पाटीवरचं वजन वाढत नाही. ब्रेक, चासी, ॲक्सल तेच आहेत. ट्रेलर पूर्वीच्याच मर्यादेत ठेवला.

पहिले ५०० मैल रिकामी गाडी चालवून पॅन पुन्हा उतरवला, फिल्टर बदलला, पुढचा बँड पुन्हा मोजला. चुंबकावर राखाडी थर होता. मग त्याच चढावर, तेवढाच ट्रेलर, ओव्हरड्राइव्ह बंद, तिसरा गिअर, लॉकअप लागलेला: गरम लाइन २०० अंशांच्या वर गेली नाही.