प्रोग्रेस बार, नोंद ३: अंश सापडला, छेद पळतोय

वेबपानावर फाइल किती टक्के वर गेली किंवा खाली आली हे दाखवणाऱ्या पट्टीचं हे काम: गेलेले वा आलेले बाइट हा अंश, एकूण बाइट हा छेद. अपलोडचा बार आता भरवशाचा झाला. बार शून्यावरून थेट शंभरावर उडी घेत होता, कारण लिसनर (इव्हेंट, म्हणजे घडामोड, कळली की चालणारा कोड) एक्सएचआरवरच (एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट, ब्राउझरचं सर्व्हरशी बोलण्याचं जुनं साधन) लावलेला होता. तिथला ‘प्रोग्रेस’ इव्हेंट उत्तर खाली उतरताना येतो. फाइल वर चढतानाचे इव्हेंट ‘एक्सएचआर.अपलोड’ या वेगळ्या ऑब्जेक्टवर येतात. लिसनर ‘सेंड’च्या आधी लावा, नंतर लावला तर काहीच येत नाही. आणि सर्व्हर दुसऱ्या डोमेनवर असेल तर या एका लिसनरमुळे ब्राउझर आधी ‘ऑप्शन्स’ रिक्वेस्ट, म्हणजे परवानगीची चौकशी, पाठवतो. सर्व्हर तिला नीट उत्तर देत नसेल, तर बार लावेपर्यंत सुरळीत चालणारा अपलोड अचानक अडतो.

छेद म्हणून फाइलचा आकार घेऊ नका, इव्हेंटमधलं ‘टोटल’ घ्या. फॉर्मडेटात (फाइल गुंडाळून पाठवायचा ब्राउझरचा ऑब्जेक्ट) सीमारेषा आणि हेडर (माहितीच्या ओळी) मिसळतात. एका फाइलमागे साधारण दीड-दोनशे बाइट वाढतात आणि बार शंभरापलीकडे जातो.

शंभर टक्के म्हणजे बाइट ब्राउझरच्या हातून गेले, एवढंच. सर्व्हर अजून फाइल लिहीत असतो. म्हणून अपलोडचा ‘लोड’ आला की ‘प्रक्रिया चालू आहे’ दाखवायचं आणि एक्सएचआरच्या ‘लोड’ची वाट पाहायची. तो ४०४ आणि ५०० या चुकांवरही येतो, तेव्हा ‘स्टेटस’ तपासल्याशिवाय हिरवी खूण नको.

खरी डोकेदुखी डाउनलोडची. फेचमध्ये (एक्सएचआरनंतर आलेलं तसंच साधन) प्रोग्रेस इव्हेंट नाही. ‘रिस्पॉन्स.बॉडी’वर ‘गेटरीडर’ घेऊन ‘रीड’ फिरवायचं, म्हणजे उत्तर तुकड्यातुकड्याने वाचायचं, आणि प्रत्येक तुकड्याची ‘लेंग्थ’ बेरजेत मिळवत जायची. अंश झाला. छेदासाठी ‘कंटेंट-लेंग्थ’ हे उत्तराचा आकार सांगणारं हेडर घेतलं की जीझिप (उत्तर दाबून लहान करून पाठवण्याची पद्धत) आडवं येतं: हेडरमध्ये दाबलेला आकार, हातात येतात ते उलगडलेले बाइट. २ लाख बाइटची जेसन फाइल उलगडून ८ लाख झाली, तर बार ४०० टक्के दाखवतो. एक्सएचआर अशा वेळी बहुधा ‘लेंग्थकंप्युटेबल’ फॉल्स देऊन, म्हणजे एकूण आकार माहीत नाही असं सांगून, मोकळा होतो, आणि ते जास्त प्रामाणिक वाटतं.

त्यावर सध्या ठरलेला उपाय असा की सर्व्हरने मूळ आकार स्वतःच्या हेडरमध्ये द्यावा. डोमेन वेगळं असेल तर ते हेडर ‘अ‍ॅक्सेस-कंट्रोल-एक्स्पोज-हेडर्स’मध्ये लिहायला विसरू नका, नाहीतर स्क्रिप्टला ‘नल’ मिळतं. जेपीईजी आणि झिपवर जीझिप लावूच नये, त्यात वाचत जवळपास काहीच नाही.

आकार कळतच नसेल तर टक्के दाखवू नका. ‘प्रोग्रेस’ एलिमेंटवरचं ‘व्हॅल्यू’ अ‍ॅट्रिब्यूट काढून टाका, मग बार नुसता सरकत राहतो. ‘व्हॅल्यू’ शून्य केल्याने तसं होत नाही, तो रिकामाच दिसतो.

बाकी आहे ते एकाच वेळी अनेक फाइलींचं. प्रत्येकीचं ‘टोटल’ तिचा अपलोड सुरू झाल्यावरच कळतं, त्यामुळे छेद मध्येच फुगतो आणि बार मागे येतो. सध्या सगळ्या फाइलींच्या आकाराची बेरीज आधीच छेदात टाकून ठेवली आहे, ‘टोटल’ येईल तशी ती बदलते. फरक काहीशे बाइटांचा, डोळ्याला जाणवत नाही.