एड जॉइस, त्रि. गो. रँकिन, १

जुने धावफलक वाचत बसण्याची मला खोड आहे. त्यांतला ३० मार्च २००७ चा एक धावफलक मी वरचेवर उघडतो. वेस्ट इंडिजमधील विश्वचषक, गयानामधील प्रॉव्हिडन्सचे मैदान आणि इंग्लंड विरुद्ध आयर्लंड असा सामना. इंग्लंडच्या सलामीवीरापुढे एवढेच लिहिलेले आहे : एड जॉइस, त्रि. गो. रँकिन, १. म्हणजे रँकिनच्या गोलंदाजीवर त्रिफळाचीत, धाव एक. हा जॉइस आयर्लंडमधल्या डब्लिनचा. दोनच वर्षांपूर्वी आयसीसी करंडकात, म्हणजे विश्वचषकाच्या पात्रता स्पर्धेत, आयर्लंडकडून धावांची रास घालून त्याने आपल्या संघाला याच विश्वचषकाचे तिकीट मिळवून दिले होते आणि स्पर्धा प्रत्यक्ष सुरू झाली तेव्हा तो इंग्लंडच्या गोटात होता. त्याचा त्रिफळा उडवणारा ताडमाड उंचीचा बॉइड रँकिन उत्तर आयर्लंडमधला. तोही सहा वर्षांनी इंग्लंडकडून खेळू लागला. त्या दिवशी आयर्लंडकडून खेळणारा वीस वर्षांचा ऑइन मॉर्गन पुढे इंग्लंडचा विश्वविजेता कर्णधार झाला, हे तर सर्वांना ठाऊकच आहे.

आपल्याकडे तो विश्वचषक आठवतो तो १७ मार्चमुळे. त्या दिवशी बांगलादेशने भारताला हरवले आणि त्या दुखवट्यात, त्याच दिवशी जमैकामध्ये आयर्लंडने पाकिस्तानला घरचा रस्ता दाखवल्याचे सुख आपल्याला धड उपभोगताही आले नाही. त्या आयरिश संघाचा कर्णधार ट्रेंट जॉन्स्टन ऑस्ट्रेलियात जन्मलेला होता. जेरेमी ब्रे आणि डेव्ह लँगफर्ड-स्मिथ हेही ऑस्ट्रेलियाचे, तर आंद्रे बोथा दक्षिण आफ्रिकेचा. ‘हा कसला देशाचा संघ, ही तर भाड्याची माणसे’ असा शेरा तेव्हा सर्रास ऐकू येई आणि आजही येतो. तो शेरा मारणाऱ्यांना हिशेबाची दुसरी बाजू पाहायची नसते, अशी माझी तक्रार आहे. आयर्लंडमध्ये बाहेरून जेवढे आले त्यांची मोजदाद होते. आयर्लंडमधून जे नेले गेले, त्यांची होत नाही.

आयसीसीचा पात्रतेचा नियम मुळात साधा आहे. खेळाडूचा जन्म त्या देशात झालेला असावा, किंवा तो त्या देशाचा नागरिक असावा, किंवा त्याने तेथे तीन वर्षे वास्तव्य केलेले असावे. गुंतागुंत होती ती देश बदलण्याच्या नियमात. सहयोगी सदस्य, म्हणजे कसोटीचा दर्जा नसलेल्या देशाचा (आयर्लंड तेव्हा त्यांतलाच) खेळाडू पूर्ण सदस्य, म्हणजे कसोटी खेळणाऱ्या देशाकडे आज गेला तर उद्या खेळू शकत असे; उलट दिशेने यायचे, तर मात्र त्याला काही वर्षे घरी बसावे लागे. मॉर्गन २००९ च्या एप्रिलमध्ये आयर्लंडचा होता आणि मे महिन्यात इंग्लंडचा झाला. जॉइसला मात्र २०११ च्या विश्वचषकात पुन्हा आयर्लंडकडून खेळण्यासाठी आयसीसीकडून खास सवलत मिळवावी लागली, कारण नियमाप्रमाणे त्याची मुदत नेमकी स्पर्धा आटोपल्यावर संपत होती. दार एकच, पण बिजागऱ्या अशा बसवलेल्या की ते मोठ्या घराकडेच सहज उघडावे.

मॉर्गन किंवा रँकिनला गद्दार ठरवणे मला कधीच पटले नाही. मॉर्गनची आई इंग्रज आहे. रँकिन ज्या उत्तर आयर्लंडमध्ये वाढला, तेथील माणसाला १९९८ च्या शांतता करारानुसार स्वतःला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही म्हणवून घेण्याचा हक्क आहे. उत्तर आयर्लंड ब्रिटनच्या राज्यात आणि उरलेला आयर्लंड स्वतंत्र देश असला, तरी क्रिकेटचा आयरिश संघ पहिल्यापासून सीमेच्या दोन्ही बाजूंचा मिळून एकच आहे. ज्याला कसोटी खेळायची होती, त्याच्यासमोर इंग्लंडखेरीज दुसरा मार्ग नव्हता, आणि कसोटी खेळायची नसती तर तो एवढा चांगला क्रिकेटपटू झालाच नसता.

या साऱ्याचा कळस पाहायचा असेल, तर ३ सप्टेंबर २०१३ चा मालाहाइडचा सामना पाहावा. डब्लिनजवळच्या या मैदानात हजारो प्रेक्षक जमले होते. आयर्लंडचा कर्णधार विल्यम पोर्टरफील्ड याने ११२ धावा काढून संघाला २६९ पर्यंत नेले. त्या डावात चार बळी घेतले ते इंग्लंडकडून पहिलाच एकदिवसीय सामना खेळणाऱ्या रँकिनने. इंग्लंडची अवस्था ४ बाद ४८ झाली आणि आता सामना फिरणार असे वाटत असतानाच इंग्लंडचा त्या दिवसाचा कर्णधार मॉर्गन रवी बोपाराला हाताशी घेऊन उभा राहिला. दोघांची नाबाद शतके झाली आणि इंग्लंड सहा गडी राखून जिंकले. डब्लिनच्या माणसाने डब्लिनच्या दाराशी डब्लिनकरांना हरवले. त्या दिवशी टाळ्या वाजवाव्यात की नाहीत, याचा निर्णय प्रेक्षकांनी कसा केला असेल, हा प्रश्न मला अजून पडतो.

२२ जून २०१७ रोजी अफगाणिस्तानबरोबर आयर्लंडला पूर्ण सदस्यत्व मिळाले. जाता जाता एक गंमत : त्याच्या आठच दिवस आधी आयर्लंडच्या पंतप्रधानपदी लिओ वराडकर आले होते, ज्यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातील वराड. क्रिकेटशी त्यांच्या निवडीचा संबंध नाही, पण त्या पंधरवड्यात कोकणातल्या एखाद्या क्रिकेटवेड्याने आयर्लंडची बातमी दोनदा वाचली असेल, एवढे नक्की.

मे २०१८ मध्ये मालाहाइडलाच आयर्लंडच्या पुरुषांची पहिली कसोटी पाकिस्तानविरुद्ध झाली. पहिला दिवस पावसात वाहून गेला, पहिल्या डावात १३० धावांत गाशा गुंडाळावा लागला, फॉलोऑन पत्करावा लागला, आणि मग केव्हिन ओब्रायनने ११८ धावा काढून देशाचे पहिले कसोटी शतक नोंदवले. हा तोच ओब्रायन, ज्याने २०११ मध्ये बंगळुरूला गुलाबी रंगवलेल्या केसांनी ५० चेंडूंत शतक ठोकून इंग्लंडचे ३२७ मागे टाकले होते. विजयासाठी १६० धावा हव्या असलेल्या पाकिस्तानचे तीन गडी १४ धावांतच गेले होते. तरी शेवटी ते पाच गडी राखून जिंकले. आयर्लंडचा पहिला कसोटी बळी घेतला तो रँकिनने, जो याआधी २०१४ मध्ये सिडनीला इंग्लंडकडून एक कसोटी खेळून स्वगृही परतला होता. आणि सलामीला होता एकोणचाळीस वर्षांचा जॉइस : ४ आणि ४३. कसोटीच्या ओढीने ज्याने देश बदलला, त्याला इंग्लंडने एकही कसोटी दिली नाही. आयुष्यातली एकमेव कसोटी तो आयर्लंडकडून खेळला आणि लगेच निवृत्त झाला. त्याची बहीण इझोबेल मात्र जुलै २००० मध्येच, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या मैदानावर, पाकिस्तानविरुद्ध आयर्लंडच्या महिला संघाकडून कसोटी खेळली होती. तिने एका डावात २१ धावांत ६ बळी घेतले आणि आयर्लंडने तो सामना डावाने जिंकला. भावाला जे मिळवायला अठरा वर्षे आणि दोन देश लागले, ते बहिणीने सतराव्या वर्षी घरच्या मैदानावर मिळवले होते.

दर्जा वाढला, पण त्याची किंमतही मोजावी लागली. इंग्लिश कौंटीत, म्हणजे तिथल्या व्यावसायिक देशांतर्गत क्रिकेटमध्ये, आयरिश खेळाडू तोवर स्थानिक म्हणून खेळत. पूर्ण सदस्य झाल्यावर ते परदेशी ठरू लागले. लंडनमध्ये जन्मलेला आणि आयरिश आजी-आजोबांच्या नात्याने आयर्लंडकडून खेळणारा टिम मर्टा याने जुलै २०१९ मध्ये लॉर्ड्सवर १३ धावांत ५ बळी घेऊन इंग्लंडला ८५ धावांत गुंडाळले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस कौंटी की देश, असा प्रश्न आला तेव्हा त्याने आपली कौंटी मिडलसेक्स निवडली. ज्या लॉर्ड्सवर आयर्लंडसाठी पराक्रम केला, तेच मिडलसेक्सचेही घरचे मैदान. पोटापाण्याचा हिशेब त्याच्यापुढे होता. त्याला नावे ठेवणे मला जमत नाही.

आता उलट वाहतुकीकडे पाहू. जोहान्सबर्गचा कर्टिस कॅम्फर आयरिश आजीमुळे आयर्लंडचा झाला आणि २०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात त्याने नेदरलँड्सविरुद्ध चार चेंडूंत चार बळी घेतले. पंजाबात कुमार गटांत खेळलेला सिमी सिंग शिक्षणासाठी आयर्लंडला गेला, तेथेच रुळला आणि जुलै २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध आठव्या क्रमांकावर येऊन नाबाद १०० धावा काढून गेला. एकदिवसीय सामन्यांत त्या क्रमांकावर तोवर कुणीही शतक काढलेले नव्हते. आपला मुंबईकर सौरभ नेत्रावळकर अमेरिकेकडून खेळतो आणि सुपर ओव्हरमध्ये पाकिस्तानला रोखतो, तेव्हा आपण ‘आपला पोरगा’ म्हणून पेढे वाटायला तयार असतो. मग सिमी सिंग किंवा कॅम्फर आयर्लंडचे कसे, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला कितपत उरतो?

उरला प्रश्न खऱ्या दर्जाचा, आणि तेथे मी आयसीसीवर नाराज आहे. कसोटीचा दर्जा कागदावर देता येतो. सामने द्यायला पैसा आणि वेळापत्रकात जागा लागते. जुलै २०१९ च्या लॉर्ड्स कसोटीनंतर आयर्लंडची पुढची कसोटी झाली ती थेट एप्रिल २०२३ मध्ये, बांगलादेशातल्या मिरपूरला. मालाहाइडला मोठा सामना असला की तात्पुरते सज्जे उभारायचे आणि सामना संपला की उतरवायचे. आपल्याकडे मांडववाले जत्रेला करतात तसेच. पैशाअभावी २०२५ मध्ये अफगाणिस्तानविरुद्धची घरची मालिका रद्द करावी लागली.

तरीही मार्च २०२४ मध्ये, आठव्या प्रयत्नात, अबुधाबीला अफगाणिस्तानला हरवून पहिला कसोटी विजय आला. त्यानंतरची कसोटी त्याच वर्षी जुलैमध्ये बेलफास्टच्या स्टॉरमाँटला, झिम्बाब्वेविरुद्ध झाली. विजयासाठी १५८ धावा हव्या असताना आयर्लंड ५ बाद २१ पर्यंत घसरले होते. लॉर्कन टकर आणि अँडी मॅकब्राइन यांनी अर्धशतके काढून सामना विजयापर्यंत ओढून नेला. माझी नजर मात्र पहिल्या डावाच्या धावफलकावर थांबली. त्यात आयर्लंडच्या पीटर मूरच्या नावापुढे ७९ धावा आहेत, आणि याच झिम्बाब्वेकडून हा मूर आधी कसोट्या खेळून आलेला आहे.